एका पोपटीचे चार धूर

पेणमधल्या समेळांच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर दोन फ्रेमा आहेत. एक गणपतीची, आणि दुसरी तिच्याहून बोटभर वर लावलेली, प्रदीपरावांच्या सर्टिफिकेटाची. बोटभर वर हे मुद्दाम नाही हं. खिळा तिथंच बसला, असं प्रदीपराव स्वतः सांगतात, आणि आपण त्यावर विश्वास ठेवावा.

प्रदीपराव नागोठण्याच्या बाजूला एका कंपनीत स्टोअर्सला आहेत. हातमोजे, हेल्मेटं, नटबोल्ट हे सगळं त्यांच्या सहीशिवाय हलत नाही. मागे कंपनीनं नेतृत्वगुण विकासाचं शिबिर घेतलं. पुण्याहून एक गृहस्थ आले, त्यांनी सगळ्यांना डोळे मिटून एक लांब दोरी धरायला लावली, दोन दिवस दोरीच्या आधारानं इकडून तिकडं फिरवलं, शेवटी समोसा दिला आणि सर्टिफिकेट दिलं. झालं! तेव्हापासून प्रदीपरावांच्या तोंडात 'टीम' हा शब्द बसला तो बसलाच. घरातली टीम म्हणजे बायको शिल्पा आणि नववीतली मुलगी पूजा. या दोघींनी टीममध्ये कधी नाव दिलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

आता पूजाबद्दल सांगायचं तर, पोरगी गुणाची, पण आवाज इतका बारीक की हजेरीला ती 'हजर, मॅडम' म्हणायची आणि तरी महिन्यातून दोनचारदा तिची गैरहजेरी लागायची. ती पहिल्या बाकावर बसायला लागली तीसुद्धा अभ्यासासाठी नव्हे, हजेरीसाठी. अशा मुलीच्या शाळेनं यंदा काय काढावं? 'नेतृत्वगुण विकास उपक्रम'! नववीचे गट पाडायचे, प्रत्येक गटानं शाळेबाहेर एक उपक्रम स्वतःच्या हिमतीवर करायचा, आणि गटाचा प्रमुख चिठ्ठी टाकून निवडायचा. चिठ्ठीला काय, तिला आवाज लागत नाही. पूजाचं नाव निघालं.

त्यावर गटातला आदर्श नावाचा मुलगा वर्गात मोठ्यानं म्हणाला, "पूजा लीडर? मग आपल्याला कानाला यंत्र लावायला लागंल." अख्खा वर्ग हसला. मॅडम फळ्याकडं तोंड करून उभ्या होत्या, पण त्यांचेही खांदे हलले म्हणतात. दोघातिघांनी गट बदलून मागितला. तेव्हा वर्गशिक्षिका वाकणकर मॅडमनी जाहीर केलं की हा एक उपक्रम पूजा करील, फसला तर पुढच्या वेळेपासून आदर्श प्रमुख. आणि नियम सांगितला: पालकांनी सल्ला द्यावा, हात लावू नये, आणि उपक्रमाच्या ठिकाणी पालक दिसला तर गट बाद.

पूजा घरी आली ती डोळे लाल करूनच. शिल्पानं जवळ घेतलं. प्रदीपरावांनी सर्टिफिकेटाकडं बघितलं.

"रडतेस काय? घरात ट्रेनिंग घेतलेला माणूस बसलाय! उपक्रम कुठला ठरलाय?"

"पोपटी," पूजा म्हणाली.

"काय?"

"पोपटी! रोह्याला. गटातल्या अफिफाच्या खालाच्या, म्हणजे मावशीच्या वाडीत."

रायगडात हिवाळा आला की पोपटी आली. ती माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मध्ये बटाटे, अंडी, ऐपतीप्रमाणे कोंबडी. तोंडाशी परत पाला कोंबायचा, मडकं शेतात पालथं घालायचं आणि भोवती काटक्या-गवत रचून पेटवून द्यायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. आता यात नेतृत्वाचा काय संबंध, असं कुणाला वाटेल. पण पोपटीभोवती जो कधी बसलाय त्याला विचारा. पोपटीला एक लावणारा असतो आणि नऊ सांगणारे. जाळ वाढव, जाळ कमी कर, उघड, अजून उघडू नकोस, त्या अंगानं काटकी सार. प्रदीपरावांनी जन्मभर दर हिवाळ्यात पोपटी खाल्ली होती, आणि दर वेळी ते त्या नवांत होते. त्यामुळे आपल्याला पोपटी लावता येते अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

बातमी इमारतीत पसरली. तळमजल्यावरचे अब्दुलभाई म्हणजे अफिफाचे आईकडचे आजोबा. निम्मा जन्म कुवेतला काढून आलेले, त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीची कुवेतमधली आवृत्ती त्यांच्याकडं तयार असते.

"प्रदीप, पोपटी आम्ही कुवेतला लावली, वाळूत," ते म्हणाले. "भांबुर्डा बॅगेतनं नेलेला. कस्टमवाला म्हणतो, ये क्या है? मी म्हटलं, दवा है. त्यानं वास घेतला, आणि दोनदा शिंकून सोडला मला."

"मग झाली का पोपटी?"

"पोलीस आले ना! पण वास एक नंबर सुटलेला."

समोरच्या इंदुबाईंचा आक्षेप वेगळाच होता. त्यांचं माहेर खाडीकाठचं, मिठागराकडचं. त्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "गो पूजा, दिवसाची पोपटी? दिवसा कवा कोन पोपटी लावतंय? धूर दिसतंय सगल्यांना. मग येतान वाटा मागाया."

"आजी, शाळेची आहे. संध्याकाळच्या आत घरी यायचंय."

"मंग शाला रातची भरवा, म्हनावं."

प्रदीपरावांनी मात्र काम पद्धतशीर हातात घेतलं. पहिला मुद्दा परवानगीचा. नदीकाठी जाळ म्हणजे परवानगी आलीच. एक दिवस रजा टाकून ते कुंडलिकेच्या काठचं ते गाव शोधत गेले. पहिल्या कचेरीत सांगितलं की गाव आमचं, पण नदीकाठ आमचा नाही. दुसरीत साहेब म्हणाले, "पाणी आमच्याकडं येतं. तुम्ही जाळ पाण्यात लावणार आहात का?" प्रदीपराव नाही म्हणाले. "मग आमचा काय संबंध?" हा युक्तिवाद बिनतोड होता. तिसऱ्या ठिकाणी आगीचा बंब उभा होता आणि त्याच्या सावलीत एकजण डबा खात होता.

"आग लागलीय?" त्यानं घास तसाच ठेवून विचारलं.

"नाही, लावायचीय."

त्यानं ठेवलेला घास उचलून तोंडात टाकला. मग म्हणाला, "लागली की फोन करा."

प्रदीपराव घरी आले ते उन्हानं आणि अपमानानं तांबडे होऊन. पाणी पिता पिता त्यांनी पूजाला सांगितलं की परवानगीचं मोठं त्रांगडं आहे, वरपर्यंत जावं लागेल.

"पण बाबा," पूजा म्हणाली, "वाडी खालाची स्वतःची आहे. तिला विचारलं मी. ती म्हणाली, या."

ट्रेनिंगमध्ये असं काही सांगितलेलं नव्हतं. प्रदीपरावांनी ग्लास खाली ठेवला आणि दुसरा मुद्दा काढला, शाकाहारी-मांसाहारीचा. यासाठी एक उपसमिती नेमावी, असं त्यांचं मत होतं. पूजानं तेही उरकलं होतं. कोंबडी नाहीच. बटाटे आणि शेंगा सगळ्यांना, आणि ज्याला अंडं हवं त्यानं आपलं अंडं आपण आणायचं, वर पेन्सिलीनं आपलं नाव घालून. म्हणजे भांडण नाही.

"हे तुला कुणी सुचवलं?"

"कुणी नाही."

"हं," प्रदीपराव म्हणाले. आपल्याला अभिमान वाटतोय की वाईट वाटतंय, हे त्यांना नीट कळेना.

उपक्रमाच्या आदल्या संध्याकाळी पूजा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं होतं.

"बाबा, एक मागू?"

"माग की! माचिस, चिमटा, हातमोजे, काय पाहिजे ते..."

"उद्या येऊ नका. तुम्ही दिसलात तर गट बाद होईल. मग सगळे म्हणतील, हिचं काही ऐकू पण येत नाही आणि हिला काही जमत पण नाही. परत मला कुणी काही करायला सांगणारच नाही."

तिच्या मानानं हे फार मोठं भाषण होतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. शिल्पाही म्हणाली, "अहो, पोरीवर विश्वास ठेवा जरा. मी नाही का निवांत? मी तर उद्या नागोठण्याला मावशीकडं चाललेय हळदीकुंकवाला."

शब्द दिला तो दिला. पण झोपताना प्रदीपरावांनी त्या शब्दाचा बारकाईनं विचार केला. पूजा म्हणाली, तुम्ही दिसलात तर गट बाद. म्हणजे मुद्दा दिसण्याचा. आणि समजा पोरांची पोपटी करपली, मडकं फुटलं, शेंगा कच्च्या निघाल्या, तर त्या आदर्शसमोर पोरीचं काय होईल? अशा वेळी झुडपामागं दुसरी, तयार, गरमागरम पोपटी असली, आणि ती कशीतरी गुपचूप अदलाबदल झाली, तर कुणाचं काय बिघडलं? कंपनीत प्रत्येक पंपाला एक स्टँडबाय पंप असतो. याला बेजबाबदारपणा म्हणत नाहीत, नियोजन म्हणतात. सकाळी त्यांनी अब्दुलभाईंना हळूच विचारलं.

"मला काय विचारतोस?" अब्दुलभाई म्हणाले. "ती वाडीवाली नूरबानो माझीच पोरगी हाय. बापानं पोरीकडं जायला शाळेची परवानगी लागते व्हय? गाडी काढतो. तू मडकं आण."

आता, मडकं. पेणच्या माणसाला मातीचं काहीही लागलं की त्याचे पाय आपोआप गणपतीच्या कारखान्याकडं वळतात. प्रदीपरावांचे वळले. ओळखीचे कारखानदार एका मूर्तीचे डोळे रंगवत होते. त्यांनी वर न बघता कोपऱ्याकडं बोट केलं. बाळकृष्णाच्या कुठल्याशा देखाव्यातलं लोण्याचं मडकं तिथं पडलं होतं, देखणं, गोल, भाजलेल्या रंगाचं.

"चांगलं आहे ना?"

"बघा की! कोण म्हणंल का हे खरं नाही म्हणून?"

प्रदीपरावांनी ती तारीफ समजून घेतली आणि मडकं काखेत मारून निघाले.

पोरं पेणहून गाडीनं रोह्याला गेली, मॅडम बरोबर होत्या. अब्दुलभाईंची गाडी मागाहून निघाली. ती कासूला एकदा आणि नागोठण्याच्या पुढं एकदा थांबली, पण दोन्ही वेळा अब्दुलभाईंनी तिला कुवेतच्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि ती चालू झाली. नूरबानोची वाडी कुंडलिकेला लागून. भात निघून गेलेलं, वाल टरारून आलेला, कडेला करवंदीची जाळी आणि म्हशींसाठी रचलेली पेंढ्याची मोठी गंजी. मध्ये मोकळ्या खाचरात पोरं जमलेली दिसली. पूजा कुणाला तरी काही सांगत होती. ऐकू अर्थातच काही येत नव्हतं.

दोघंजण वाकून वाकून जाळीमागं गेले. प्रदीपरावांनी मडकं भरलं. भांबुर्डा घातला, शेंगा घातल्या, मिठाबद्दल दोघांचं वाजलं. पालथं घातलं. काटक्या कुणी रचायच्या यावरून पुन्हा वाजलं, कारण जन्मात प्रथमच तिथं दोघंही सांगणारे होते आणि लावणारा कुणी नव्हता. शेवटी एकदाचा जाळ पेटला. धूर वर गेला. प्रदीपरावांनी समाधानानं मान वर केली, आणि त्यांना दुसरा धूर दिसला.

म्हणजे एक पोरांचा होता, तो मध्ये. हा निराळा, बांधापलीकडचा. आणि त्या धुराकडून 'फुस्स' असा आवाज आला. मग शिट्टी वाजली.

"ही तर कुकरची शिट्टी," अब्दुलभाई कुजबुजले.

प्रदीपराव रांगत बांधापर्यंत गेले आणि डोकावले. पलीकडं तीन दगडांच्या चुलीवर कुकर, आणि कुकरसमोर उकिडवे बसलेले रितेश, आदर्शचे वडील. दोघांची नजरानजर झाली. कुठल्याही चोरानं दुसऱ्या चोराकडं बघून इतकी नैतिक घृणा दाखवली नसेल.

"कुकरमध्ये? पोपटी? लाज नाही वाटत?"

"समेळसाहेब, तुमची पोरगी लीडर, पण उपाशी माझा पोरगा राहणार ना!" रितेश म्हणाले. "आणि तुम्ही इथं काय हळदीकुंकवाला आलाय?"

हळदीकुंकू म्हटल्यावर प्रदीपरावांना शिल्पाची आठवण आली. आणि आठवण यायला आणि वारा फिरायला एकच गाठ पडली. वाडीच्या टोकाला विहिरीमागून चौथा धूर निघत होता, आणि त्या धुरातून आवाज आला, "गो शिल्पा, काटकी त्या अंगाला सार! नाय गो, त्या नाय, ह्या!"

इंदुबाई! प्रदीपराव धावले. विहिरीमागं एक मडकं पेटलेलं, त्याच्याशी इंदुबाई पाटावर बसलेल्या (पाट पेणहून आणलेला), शिल्पा पदर खोचून जाळ फुंकत होती, आणि तिच्या शेजारी, नाकाला काजळी लागलेल्या, वाकणकर मॅडम होत्या. नियम करणाऱ्या वाकणकर मॅडम!

"मावशी कशी आहे?" प्रदीपरावांनी विचारलं.

शिल्पा लाल झाली. "अहो, मॅडमच म्हणाल्या... पोरं लहान आहेत... काही कमीजास्त झालं तर..."

"विश्वास वेगळा आणि जबाबदारी वेगळी, समेळ," मॅडम ताठ होऊन म्हणाल्या. नाकावर काजळी असताना हे वाक्य म्हणणं सोपं नसतं, पण बावीस वर्षं शिकवल्यावर जमतं.

यापुढं काय बोलणं झालं असतं सांगता येत नाही, कारण तेवढ्यात जाळीमागून बार झाला.

बाळकृष्णाचं लोण्याचं मडकं फुटलं होतं. प्लास्टरचंच ते, त्याला भाजायचं काय ठाऊक? आधी त्याचा रंग वितळून असा वास सुटला की अब्दुलभाई पंधरा पावलं मागं सरले, त्यानं ते वाचले. मग त्याच्या ठिकऱ्या उडाल्या, निखारे उडाले, काही सुक्या गवतात पडले, आणि गवतातून जाळ सरसरत पेंढ्याच्या गंजीकडं निघाला.

प्रदीपराव पळत आले. अशा प्रसंगासाठीच तर ट्रेनिंग होतं! ते मधोमध उभे राहिले, दोन्ही हात वर केले आणि ओरडले, "टीम! घाबरू नका! टीम!" रितेश ओरडले, "माती टाका!" अब्दुलभाई ओरडले, "पंप लावा!" लाइट गेलेली होती. इंदुबाई लांबूनच ओरडल्या, "म्हशी सोडा गो, म्हशी!" मॅडम ओरडल्या, "रांगेत या!", पण कुणी, कशाला, ते नाही सांगितलं. प्रदीपराव चटकन बंबवाल्याला फोन करायला गेले, तर नंबर त्यांनी घेतलाच नव्हता.

आणि तेव्हा एक आवाज आला. कुणाचा ते क्षणभर कुणालाच कळलं नाही.

"सगळ्यांनी गप्प बसा!"

खाचराच्या मध्ये पूजा उभी होती. ओढणी कमरेला बांधलेली. "अफिफा, खालाच्या बादल्या! नदीपासून रांग करा, एकेक हात सोडून! मोठे पुढं, गंजीजवळ! आदर्श, तू आपल्या मडक्यापासून हलायचं नाही, काही झालं तरी!"

"हो!" आदर्श ओरडला. त्याला सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं.

रांग झाली. बादल्या चालायला लागल्या. नूरबानो घरातून गोणपाटं भिजवून घेऊन आली आणि तिनं गंजीच्या पायाशी ती आपटायला सुरुवात केली. प्रदीपराव रांगेत शिरले खरे, पण जीभ कशी थांबणार? "इथं नको, तिथं टाका! मी सांगतो तसं..."

"बाबा," पूजा म्हणाली, "तोंड बंद आणि बादली पुढं!"

प्रदीपरावांनी तोंड बंद केलं आणि बादली पुढं केली. लग्न झाल्यापासून, म्हणजे शिल्पाच्या हिशेबानं, इतक्या चटकन त्यांनी कुणाचं ऐकलं नव्हतं. जाळ गंजीच्या कडेला लागला, थोडा पेंढा काळा झाला, आणि विझला. म्हशींनी एवढा वेळ मान वर करून बघितलं होतं. त्यांनी पुन्हा रवंथ सुरू केला.

मग सगळे एकमेकांकडं बघायला लागले. चार धुरांतले तीन विझले होते. पूजानं एकेकाकडं पाहिलं: बाबा, अब्दुलनाना, रितेशकाका, इंदुआजी आणि आई. आईवर तिची नजर जरा जास्त थांबली. तिचा चेहरा पडला.

"मॅडम," ती म्हणाली, आणि आवाज परत पहिल्यासारखा बारीक झाला, "पालक आले. मग आमचा गट बाद?"

प्रदीपरावांना वाटलं, आता ही जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. शब्द दिला होता त्यांनी. डोक्यावर हात ठेवून. ते पुढं झाले आणि म्हणाले, "मॅडम, चूक माझी आहे. पोरीला काही माहीत नव्हतं. पाहिजे तर मला बाद करा."

मॅडमनी पदरानं नाक पुसलं. काजळी गालावर गेली. त्यांनी आपल्या विहिरीमागच्या मडक्याकडं पाहिलं, मग पोरांकडं, मग अगदी समोर उभ्या असलेल्या प्रदीपरावांकडं.

"कुठले पालक?" त्या म्हणाल्या. "धुरानं माझे डोळे इतके चुरचुरतायत की मला काही म्हणजे काही दिसत नाहीये."

पोरांनी एकच गिल्ला केला. तेवढ्यात आदर्श तिकडून ओरडला, "पूजा! उघडायचं का?"

झालं, सांगणारे जागे झाले. "अजून पाच मिनिटं!" "करपलं असंल आता, काढा!" "वास बघा, वासावर कळतंय!" "कुवेतला आम्ही..." पूजानं नुसता हात वर केला. सगळे थांबले. तिनं ओंजळीत पाणी घेऊन मडक्यावर शिंपडलं. चर्रर्र झालं आणि पाणी क्षणात उडून गेलं.

"काढा," ती म्हणाली.

"हिला कुणी शिकवलं?" प्रदीपरावांनी हळूच विचारलं.

"शिकवाया कशाला लागतंय?" नूरबानो हसली. "मागच्या रविवारी दोघी आल्या आणि एक मडकं जाळून गेल्या. कोळसा झालेला नुसता. मी म्हटलं, राहू द्या गो पोरींनो. तर ही म्हणते, खाला, आता कळलं काय करायचं नाय ते."

त्या रविवारी पूजा 'अफिफाकडं अभ्यासाला' गेली होती. प्रदीपरावांनी स्वतः तिला जाताना सांगितलं होतं की अभ्यासात नियोजन महत्त्वाचं.

मडकं केळीच्या पानावर उपडं केलं. भांबुर्ड्याचा तो वास सुटला आणि सगळे पानाभोवती सरकले. एका अंगाच्या शेंगा जरा जास्त झाल्या होत्या, पण ते बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती. पोरं आपापल्या नावाची अंडी शोधायला लागली. अफिफा, आदर्श, अक्सा. मग पूजानं पाल्यातून एक अंडं काढलं, फुंकर मारली आणि प्रदीपरावांच्या हातात ठेवलं.

त्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं: बाबा.

अंडं चटका देत होतं तरी प्रदीपरावांनी ते हातातून सोडलं नाही. "तुला... तुला माहीत होतं मी येणार?"

"हो."

"आणि मी शब्द दिला तेव्हा?"

"तेव्हाच घातलं नाव," पूजा म्हणाली. "तुम्ही इतक्या चटकन हो म्हणालात, तेव्हाच."

त्यांचे डोळे भरून आले. एवढ्या माणसांत आपल्याला, एकट्या आपल्याला... ते शिल्पाला अंडं दाखवायला वळले. शिल्पा अंडं सोलत होती. त्याच्या टरफलावर 'आई' होतं. पलीकडं रितेश 'रितेशकाका' खात होते, इंदुबाई 'आजी' फुंकत होत्या, आणि मॅडम कुणाचं लक्ष नाही असं बघून आपल्या नावाचं टरफल पर्समध्ये टाकत होत्या. एकही नाव राहिलं नव्हतं. ही पोरगी सगळ्यांनाच ओळखून होती तर! प्रदीपरावांनी आपलं टरफल शर्टाच्या खिशात ठेवलं आणि अंडं मीठ न लावता खाल्लं.

निघताना अब्दुलभाईंची गाडी काही केल्या चालू होईना. त्यांनी तिला कुवेतची सगळी भाषा सांगून बघितली. रितेश पिकअप घेऊन आलेले, पण कुकर गार होईपर्यंत ते हलणार नव्हते, आणि शेवटी त्यांनाही पिकअप वाडीतच ठेवून पोरांबरोबर जायची हौस आली. मग सगळेच रोहा स्टेशनला. पेणकडं जाणारी गाडी लागलेली होती. मॅडमनी हजेरीचा कागद पूजाच्या हातात दिला.

"तू घे. मोठ्यांचीसुद्धा घे. यांच्यातलं कुणी मागं राहिलं तर मला निस्तरायला नको."

पूजानं प्लॅटफॉर्मवर उभं राहून नावं घेतली. पोरांची झाली. मग, "अब्दुलनाना?"

"हाजिर!"

"इंदुआजी?"

"हाय गो, हाय. पाट पन हाय."

"रितेशकाका?" "हजर." "आई?" "हजर!"

"प्रदीप समेळ?"

प्रदीपरावांनी उत्तर दिलं. पण दिवसभराचा धूर, ते अंडं, ती ओढणी कमरेला बांधलेली पोर, सगळं कसं एकदम घशाशी येऊन बसलं होतं, आणि 'हजर' जे बाहेर आलं ते इतकं बारीक आलं की शेजारच्या अब्दुलभाईंनाही कळलं नाही.

पूजानं कागदावरून डोळे वर केले. बापाकडं बघितलं. ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं, पण आवाज एकदम खणखणीत होता.

"ऐकू आलं नाही. मोठ्यानं म्हणा, नाहीतर गैरहजेरी लागेल."

प्रदीपरावांनी घसा खाकरला, ताठ उभे राहिले, आणि अख्ख्या रोहा स्टेशनला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "हजर, मॅडम!"